खाटेवरचे दिवस

२०२३ सालच्या रंगपंचमीला मुलांनी आमच्या गच्चीवर जो धुडगूस घातला, त्याचे डाग दुसऱ्या दिवशी सकाळी घासून काढण्याची अवदसा मला आठवली. घरात कोणी तसे सांगितले नव्हते. इंदूरची रंगपंचमी म्हणजे काय, हे निदान इथल्या वाचकांना सांगायला नको. राजवाड्यापुढची गेर पाहून आलेली नातवंडे उरलासुरला रंग गच्चीवर उधळणार, हे दरवर्षीचेच. मोलकरीण दुपारी येणार होती, पण ती गुलाबी फरशी माझ्या डोळ्यांना खुपत होती. साबणाचे पाणी ओतले, खराटा घेतला आणि तिसऱ्या की चौथ्या हातालाच पाय सटकला. उठू गेले तर उजवा पाय ऐकेना, आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडलेले दिसले. काय झाले ते तेव्हाच उमगले, कारण तसे वळलेले पाऊल मी पूर्वी एकदा या घरातच पाहिले होते. त्याविषयी पुढे येईलच.

मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. हाडाच्या पोकळीत सळई आणि वर खुब्यात स्क्रू, अशी लोखंडी बांधणी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक कोवळा पोरगा वॉकर घेऊन पुढे उभा राहिला. ‘‘चलिए आंटीजी, खड़े होना है.’’ मला वाटले, हा चुकीच्या खोलीत आला आहे. पण डॉक्टरांनीच पाठवले होते. म्हातारे माणूस पडून राहिले की फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. हाडापेक्षा अंथरूणच अधिक घात करते, असे त्यांचे म्हणणे. बारा वर्षांच्या नातवाने लगेच मोबाइलवर शोधून सांगितले, की मांडीच्या हाडात अशी सळई घालण्याची रीत क्युन्चर नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १९३९ साली काढली. मी म्हटले, ‘‘बाळा, त्याला माझा नमस्कार सांग, आणि मला आधी या खाटेवरून खाली उतरव.’’

शस्त्रक्रियेच्या वेदनांबद्दल मी लिहिणार नाही. त्यांना औषध असते, आणि घरचे सगळे त्यांची कदर करतात. खरा जीव खातात त्या बारीकसारीक गोष्टी. त्या कोणाला सांगाव्यात तर सांगतानाच लाज वाटते.

पहिली गोष्ट चष्म्याची. खाटेशेजारच्या टेबलावर चष्मा, पाण्याचे भांडे, गोळ्या, मोबाइल आणि पोथी अशी मांडणी होती. माणूस निजून हात लांबवते तेव्हा हात पुरतो नेमका टेबलाच्या अलीकडच्या कडेपर्यंत; आणि जो येतो तो टेबल पुसून सगळ्या वस्तू नीट, म्हणजे भिंतीला टेकवून ठेवतो. मी तेहतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीचा परीघ मुलांकडून घोकून घेतला. आता माझी पृथ्वी अडीच फुटांची झाली होती आणि तिच्या सीमेपलीकडे, चार बोटांवर, माझा चष्मा दिसत होता. म्हणजे चष्म्याशिवाय जेवढा दिसेल तेवढा. गोळी हातातून निसटून खाटेखाली गेली की ती दुसऱ्या खंडात गेली असे समजावे. ‘ह्यांनी’ यावर तोडगा म्हणून स्वयंपाकघरातली सांडशी आणून दिली. सांडशीने पेन उचलता येते, रुमाल उचलता येतो, गोळी मात्र येत नाही. शिवाय दुपारी भाजी उतरवायच्या वेळी सांडशी सापडत नाही म्हणून आत आरडाओरडा, आणि ती माझ्या उशाशी.

दुसरी गोष्ट चहाची. वॉकर मिळाला तेव्हा वाटले, आता स्वातंत्र्य आले. पण वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो, हे त्याच्याकडे नुसते बघून लक्षात येत नाही. स्वयंपाकघरापर्यंत जाता येते, ओट्याशी टेकून चहाही करता येतो. तो कप घेऊन मात्र एक पाऊल टाकता येत नाही. सूनबाईने जुन्या साडीची एक पिशवी शिवून वॉकरला पुढे बांधून दिली. तिच्यात पुस्तक, फोन, लिंबू, जपमाळ, सगळे मावले. चहा तिच्यात कसा न्यावा? त्या दोन महिन्यांत मी ओट्याशी उभ्यानेच चहा प्यायला शिकले. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून ह्यांच्याशी भांडत आले, तीच.

तिसरी गोष्ट उंबरठ्यांची. आमचे घर जुने आहे, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावरचे. त्या काळी उंबरठा ही घराची मर्यादा होती आणि ती चांगली चार-पाच बोटे उंच असे. माझ्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत असे तीन उंबरठे लागतात. पंचेचाळीस वर्षे त्यांवर हळदकुंकू वाहिले, रांगोळी काढली. त्यांची उंची मला प्रथमच कळली. तो कोवळा पोरगा म्हणजे आमचे फिजिओथेरपिस्ट. त्यांनी नियम घालून दिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. साधा नियम, पण उंबरठा ओलांडताना माणूस आधी चढतो की आधी उतरतो, याचा निर्णय मला भर घाईच्या वेळी करता येईना. संडासाची घाई आणि तर्कशास्त्र यांचे जमत नाही. शेवटी सूनबाईने कमोडची खुर्ची भाड्याने आणली. ज्या खोलीत आपण पाहुण्यांना बसवतो तिथून सहा पावलांवर, पडद्याआड ती खुर्ची. त्याविषयी अधिक लिहीत नाही; ज्यांच्यावर प्रसंग आला आहे त्यांना ठाऊक आहे.

दिवसा एक बाई मदतीला ठेवली होती. कामाला चांगली होती, हात हलका होता. पण मला ‘माताजी’ म्हणे आणि लहान मुलाशी बोलावे तसे बोले. ‘‘चलो माताजी, अब हम करवट लेंगे. शाब्बास!’’ तेहतीस वर्षे मी ज्यांना शाब्बास म्हटले, त्यांची आठवण होई. त्यांनाही हे असेच लागत असेल काय? तिच्या मोबाइलवरच्या मालिकेतल्या सासवा मात्र माझ्यापेक्षा पुष्कळ धडधाकट होत्या. दिवसभर ओरडत असत.

आणि रात्र. माळव्याच्या रात्रीचे कौतुक लोक पूर्वापार करत आले आहेत, शब-ए-मालवा म्हणतात. मी ती यंदा पहिल्या प्रहरापासून शेवटच्या प्रहरापर्यंत पाहिली. उताणे निजायचे, दोन पायांच्या मध्ये उशी, कुशीवर वळायचे नाही. नेमकी अशा वेळी टाचेला खाज सुटते. टाच ही माणसापासून इतकी दूर असते, याची कल्पना नव्हती. डासाला मात्र सगळी वाट माहीत असते. कूलरचा आवाज बंद केला तर उकाडा, चालू ठेवला तर त्या घरघरीत कोणी हाक मारली असे सारखे वाटत राहते. पहाटे कधीतरी डोळा लागे तोच महापालिकेची कचरागाडी आपले गाणे लावून गल्लीत शिरे. देशात स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराचा मलाही अभिमान आहे. सकाळी सात वाजता थोडा कमी असतो.

भेटायला येणाऱ्यांविषयी लिहावे की न लिहावे, असा प्रश्न आहे, कारण त्यांपैकी बरेचजण हे मासिक वाचतात. तेव्हा प्रथम आभार. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी नाचणीचे पीठ, कोणी सराफ्यातून गरम गरम भुट्ट्याचा कीस. ग्वाल्हेरच्या वन्सं पाच दिवस राहून गेल्या आणि मला केस विंचरून मिळाले. एका शेजारणीने कांडवेल आणली. हिंदीत हिला हाडजोड म्हणतात आणि मोडलेल्या हाडावर ती द्यावी असा पूर्वापार समज आहे. ती खाजरी असते, नीट शिजवून चिंच घालून खावी लागते, हे त्या आणि मी, दोघीही विसरलो होतो. हाडाचे काय झाले ते सांगता येत नाही, घसा मात्र दोन दिवस धरला.

पण प्रत्येकाला पडण्याची हकीकत पहिल्यापासून हवी असे. ‘‘कशा काय पडलात?’’ मी सांगायला लागले की हे मधेच दुरुस्ती करत: ‘‘साबण नव्हता, पावडर होती.’’ विसाव्या वेळेपर्यंत माझी हकीकत चांगली घोटीव झाली होती. कुठे थांबायचे, कुठे हसायचे, सगळे ठरले. त्यानंतर पाहुणे स्वतःच्या आत्याची, मावशीची, साडूंची हकीकत सांगत. त्यांपैकी निम्म्या मावश्या पुढे उठल्याच नाहीत, हे त्यांना सांगता सांगता आठवे, आणि मग एकदम, ‘‘पण तुमचं तसं नाही हं काकू!’’ आणखी एक चमत्कारिक गोष्ट. मी समोर असताना लोक ह्यांना विचारत, ‘‘जेवण जातं का त्यांना? झोप लागते का?’’ मोडले होते मांडीचे हाड. कान आणि जीभ जागच्या जागी होती. हे उत्तर देत, ‘‘हो, जातं थोडंथोडं,’’ आणि मी छताकडे पाही.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू यंदा राहणार असे मी धरून चालले होते. गुढी पाडव्याला उभारली तीही मला खिडकीतून फक्त वरचा गडू आणि खणाचे टोक एवढीच दिसली होती. पण सूनबाईने गौर माझ्याच खोलीत मांडली. आंबेडाळ, पन्हे, कलिंगडाची कमळे आणि मध्ये खाटेवर मी. बायका आधी गौरीला हळदकुंकू वाहत, मग मला लावत. नातू म्हणाला, ‘‘आजी, तुला पण बसवलंय.’’ त्या दिवशी मी मोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसले, आणि टाके दुखले.

आता ती पूर्वीची हकीकत.

१९८४ साली, पावसाळ्याच्या शेवटी, माझ्या सासूबाई या घरात मागच्या अंगणात पडल्या. त्यांचे पाऊलही असेच बाहेर वळले होते. त्या वेळी त्यांच्या वयाच्या माणसाला शस्त्रक्रिया झेपणार नाही असे ठरले. गुडघ्याखाली नडगीच्या हाडातून आरपार एक पोलादी पिन घातली, तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि टोकाला वजने. खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवलेले. माजघरात त्या अशा बांधलेल्या अवस्थेत जवळजवळ तीन महिने होत्या. त्याच वर्षी राजवाड्याला आग लागली. सगळी गल्ली गच्चीवर धावली. आम्ही खाली आलो तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘किती मजले गेले?’’ त्यांना फक्त माजघराच्या झरोक्यातून धूर दिसला होता.

हाक मारायला त्यांच्या उशाशी एक पितळी वाटी आणि चमचा ठेवला होता. मुलगा दोन वर्षांचा, शाळेची नोकरी, घरात येणारे-जाणारे, आणि ती वाटी. मी पहिला महिना धावत गेले. मग चालत जाऊ लागले. पुढे पुढे त्या वाटीचा आवाज माझ्या डोक्यात झोपेतही वाजू लागला. खरे सांगायचे तर मला त्या आवाजाचा राग येऊ लागला होता, आणि राग आवाजावर किती दिवस राहणार?

एका संध्याकाळी मी फोडणी टाकत होते. वाटी वाजली. मी गेले नाही. पुन्हा वाजली. मी मुद्दाम मोहरी सगळी तडतडू दिली, भाजी घातली, झाकण ठेवले, हात पुसले आणि मग गेले. ‘‘काय हवंय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘उशी जरा डावीकडे सरकव गं. एक बोट.’’ मी उशी सरकवली आणि म्हटले, ‘‘एवढ्यासाठी?’’

त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर वाटी वाजेनाशी झाली. मला आधी बरे वाटले. म्हटले, सवय झाली. चौथ्या दिवशी सकाळी अंथरूण ओले सापडले. ते पहाटेपासून ओले होते. पाठीची जखम त्याच आठवड्यात चिघळायला लागली. सासूबाई पुढे उठल्या, काठीने माजघराच्या दारापर्यंत चालू लागल्या, आणखी दोन वर्षे होत्या. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. ह्यांनाही मी ते सांगितले नव्हते. हा लेख वाचून कळेल.

मला नातवाने वाटी दिली नाही. बिनतारी घंटा आणली. बटण माझ्या खाटेला चिकटवले, घंटा वरच्या मजल्यावर सूनबाईच्या खोलीत. दाबली की सात सूर वाजतात. मी ती दाबत नसे. एके रात्री दोनच्या सुमारास पायांमधली उशी सरकली. तेवढ्याने खुब्यातून अशी कळ येऊ लागली की काय सांगावे. उशी एक बोट, फार तर दोन बोटे सरकली होती. हात पोचेना. हे शेजारच्या खाटेवर गाढ झोपले होते, आणि ते ऐकू येण्याचे यंत्र काढून झोपतात. मी पाच वाजेपर्यंत तशीच पडून राहिले.

सकाळी सूनबाईने पाहिले आणि ती रागावली. ‘‘आई, बेल कशाला लावली आहे मग?’’ मी तिला वाटीची गोष्ट सांगितली. प्रथमच कोणाला सांगत होते. ती उशी नीट करत होती. ऐकून घेतले, पण ‘असू द्या हो, जुनी गोष्ट’ असे काही म्हणाली नाही, हे मला बरे वाटले. एवढेच म्हणाली, ‘‘मीही माणूस आहे. मी कधी चिडले तर घंटा बंद करू नका, मला तोंडावर सांगा.’’

आणि ती चिडलीच. मे महिन्यात, बँकेचे काम घरून करत होती तेव्हा. दुपारी माझ्या डोळ्यांवर पडद्याच्या फटीतून ऊन येत होते. मी बरेच ऊन सोसले, मग बटण दाबले. ती जिन्यावरून खाली आली, कानाला फोन, आणि चेहऱ्यावर... तो चेहरा मी ओळखला. तो चेहरा मी घालून हिंडले होते. मी पटकन म्हटले, ‘‘काही नाही, चुकून दाबली गेली.’’ ती परत गेली. दहा मिनिटांनी फोन न घेता खाली आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काय हवं होतं?’’

‘‘पडदा. एवढासा.’’

तिने तो ओढला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि तिच्या साहेबांविषयी अर्धा तास इतके वाईट बोलली, की माझे दुखणे कुठल्याकुठे गेले. १९८४ साली मी परत गेले नव्हते.

पुढचे सगळे सावकाश पण सरळ झाले. दीड महिन्याने काढलेल्या चित्रात हाड जुळत असल्याचे दिसले आणि पूर्ण भार टाकण्याची मुभा मिळाली. जूनमध्ये वॉकर गेला, काठी आली. काठीला एक हात लागतो; दुसऱ्या हातात कप धरून मी प्रथम ओट्यापासून झोपाळ्यापर्यंत गेले तेव्हा निम्मा चहा बशीत होता, तरी गोड लागला. त्या वर्षी अधिक श्रावण होता. बडोद्याहून लेक आणि जावई यायचे म्हणून मी उंच स्टुलावर बसून तेहतीस अनारसे तळले. पहिले पाच तुपात विरघळले. हे म्हणाले पीठ पातळ, मी म्हटले स्टूल उंच. पाटावर बसून जेवणे, मांडी घालून पूजा, हे मात्र कायमचे सुटले. वाण द्यायला मला आता वाकता येत नाही. घेणाऱ्यालाच जवळ यावे लागते.

वॉकर दोन वर्षे माळ्यावर होता. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतले एक काका पडले, त्यांच्याकडे तो पाठवला, पिशवीसकट. परवा त्यांच्या सूनबाईंचा फोन आला: पायाखालचे रबरी बूट झिजले आहेत, फरशीवर घसरतात, कुठे मिळतील? मी दुकान सांगितले. मग विचारले, रात्री हाक मारायला काय ठेवले आहे? ती म्हणाली, ‘‘बाबा हाकच मारत नाहीत हो काकू. फार सोशीक आहेत.’’

मी संध्याकाळी काठी घेऊन निघाले. त्यांच्या दाराचा उंबरठा आमच्यापेक्षा एक बोट उंच आहे. चांगला पाय आधी टाकला. काकांशी थोडे बोलले, मग त्यांना विचारले, उशी कुठल्या बाजूला सरकते? ते आधी काही नाही, काही नाही म्हणाले. मग म्हणाले, ‘‘उजवीकडे.’’